अक्काची खुर्ची वाढते

पत्र नऊ ओळींचं होतं आणि वकिलाने ते आतापर्यंत अकरा वेळा मोठ्याने वाचलं होतं. दर वेळी त्याचा आवाज त्याच तीन ठिकाणी चढायचा. ‘अर्जदार हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठल्या.’ ‘अर्जदारांनी दोन्ही पायांत मोजे स्वतः चढवले, तेही गप्पा मारत.’ आणि शेवटी, ‘तपासणीच्या संपूर्ण वेळात अर्जदार आनंदी होत्या. सबब अपंगत्व भत्त्याचा अर्ज नामंजूर.’

“आनंदी,” वकील म्हणाला आणि त्याने पत्र दादाच्या जेवणाच्या टेबलावर टाकलं. “खुब्याचा सांधा पार झिजलाय, एक्सरेत हाडावर हाड घासलेलं दिसतंय, आणि हे लिहितात आनंदी.”

वकील काही खरा वकील नव्हता. कायद्याच्या परीक्षेला तीनदा बसला, तीनदा उठला, आणि मग वीजबिलाच्या खिडकीमागे जो बसला तो आजतागायत. पण भावंडांत धाकटा असूनही घरात कुठलाही छापील कागद आला की तो आधी त्याच्या हातात जायचा. अक्काचा अर्ज त्यानेच भरला होता. सव्वीस पानं, एक खाडाखोड नाही. त्यामुळे नामंजूर अक्का झाली असली तरी नाक त्याचं कापलं गेलं होतं. त्याने फेरतपासणी मागितली होती आणि ती उद्यावर आली होती. गुरुवारी, सकाळी अकराला, अक्काच्या घरी. म्हणून बुधवारी संध्याकाळी दादाकडे ही बैठक बसली होती, आणि जिच्यासाठी बसली होती तिला अर्थातच बोलावलं नव्हतं. या घराण्यात ज्याचा प्रश्न असतो त्याला सोडून बाकी सगळे बसतात, हे एव्हाना वाचणाऱ्याच्याही लक्षात आलं असेल.

प्रश्न साधा होता. अक्का, म्हणजे तिघा भावंडांतली थोरली, कारखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. खाली दादाचं सुतारकाम चालायचं आणि अडतीस वर्षं त्या कारखान्यातलं झाडून सगळं पॉलिश अक्काच्या हातचं होतं. आता खुब्याने दगा दिला. शस्त्रक्रियेचा नंबर लागायला दोन वर्षं होती. भत्ता मिळाला तर सकाळी मदतीला एक बाई येईल, व्यायामाच्या दवाखान्यात जायला गाडी परवडेल, आणि अक्का आपल्या घरात राहील. नाही मिळाला तर दोन गल्ल्या ओलांडून दादाच्या घरी, मागच्या खोलीत. त्या खोलीबद्दल अक्काने एकदाच मत दिलं होतं. ती म्हणाली होती, की त्या खोलीत मी महिन्याभरात कुणाचा तरी खून करीन आणि बहुतेक तो दादाच असेल.

“मला एक सांगा,” वहिनी म्हणाली. “त्या उठल्याच कशा?”

वहिनी म्हणजे दादाची बायको. तिच्या या प्रश्नाला अकरा वर्षांचा इतिहास होता. अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या पसंतीने एक सोफा घेतला. खोल, मऊ, जमिनीलगत. सुतारांच्या घरात बाहेरून आलेलं ते पहिलं आणि शेवटचं फर्निचर. आधी कधी काही वाटलं नाही, पण गेली सात वर्षं अक्का या सोफ्यावर बसली की उठताना असं तोंड करायची, आणि दोघांनी हात देईपर्यंत असे विनोद सांगत बसायची, की पाहणाऱ्याला वाटावं सोफा नाही, विहीर आहे. आणि हीच अक्का स्वतःच्या घरी मात्र टुणकन उठायची. वहिनीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने त्यातून सरळ निष्कर्ष काढला होता, की अक्काचा खुबा फक्त दुसऱ्याच्या घरी दुखतो. हे तिने निदान चार जणींना सांगितलंही होतं. आता सरकारी माणसाने तेच लिहून दिलं, तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण हाडावर हाड घासलेला तो एक्सरे तिने खिडकीशी धरून पाहिला होता आणि तेव्हापासून तिचा हिशोब जुळत नव्हता.

दादा टेबलाच्या कडेवर नख घासत होता.

वहिनीने ते नख पाहिलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा माणूस खोटं कधी बोलत नाही, फक्त लाकूड खरवडत गप्प बसतो.

“अहो,” ती म्हणाली.

“मी उंच केली,” दादा म्हणाला.

“काय उंच केली?”

“खुर्ची. अक्काची.”

मग हळूहळू, टेबलाकडे बघत, दादाने सगळं सांगितलं. अक्का दर वर्षी आठ दिवस मैत्रिणीकडे समुद्रकाठी जायची. सात वर्षांपूर्वी ती गेल्यावर तो किल्ली घेऊन वर गेला आणि तिच्या खुर्चीचे पाय बोटभर वाढवून आला. पुढच्या वर्षी पलंगाचे. मग स्वयंपाकघरातलं स्टूल. मग पुन्हा खुर्ची. वर्षागणिक तिचा खुबा जेवढा आखडला तेवढी खुर्ची वर गेली. मधल्या बोळात त्याने कमरेच्या उंचीवर एक लांब फळी ठोकली आणि तिच्यावर कुंड्या ठेवल्या, म्हणजे ती कुंड्यांची फळी दिसेल, पण अक्काला हात टेकत चालता येईल. मोजे चढवायला, वाकावं न लागता पाय आत सरकवता येईल अशी एक गुळगुळीत लाकडी पन्हळी केली आणि वाढदिवसाला शोभेची वस्तू म्हणून दिली. आणि जिना. जिना आधी चौदा पायऱ्यांचा होता. आता अठरांचा आहे. प्रत्येक पायरी बुटकी करून त्याने जिना खाली कारखान्यात चार फूट पुढे आणला होता.

“तरीच मला हल्ली वर पोचेपर्यंत धाप लागते,” वकील म्हणाला. “मला वाटलं वय झालं.”

“वयच झालंय. पायऱ्या उलट सोप्या झाल्यात.”

हे सगळं त्याने अक्काला सांगितलं नव्हतं, कारण तिने ऐकलं नसतं. आणि दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं, कारण ते दिसण्यासारखं केलंच नव्हतं. आजोबांनी कारखाना काढला तेव्हापासून इथे एकच नियम आहे. केलेलं काम दिसता कामा नये. खिळा दिसला, जोड दिसला, की वस्तू परत. याच नियमापायी आजोबांनी स्वतःचा पलंग लग्नाच्या तिसऱ्या दिवशी फोडला आणि आजी माहेरी गेली, हे घरात लहान पोरांनाही पाठ आहे. दुसऱ्या कुणाच्या भावाने हे काम केलं असतं तर भिंतीला चकचकीत नळ्या ठोकल्या असत्या, खुर्चीखाली चार विटा ठेवल्या असत्या, आणि तपासनीसाने दारातूनच अर्ज मंजूर केला असता. दादाने ते इतकं सुरेख केलं होतं की अक्काचं अपंगत्वच त्याने पॉलिश मारून झाकलं होतं.

वहिनी उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

“सात वर्षं मी त्या बाईला ढोंगी समजले,” ती नळाकडे तोंड करून म्हणाली. “चार घरी सांगितलं. आणि तुम्ही मूग गिळून बसलात.” थोड्या वेळाने ती थांबली. “पण हे पत्र येऊन तीन आठवडे झाले. पत्र आलं तेव्हा का नाही बोललात?”

दादाचं नख पुन्हा सुरू झालं. वहिनीने हात पुसले आणि ती सरळ मागच्या खोलीत गेली. तिथे चादरीखाली एक पलंग महिनाभर पडून होता. कुणाची तरी ऑर्डर असेल म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं. आता तिने चादर काढली आणि पलंगावर बसून पाहिलं. तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत.

ती परत आली तेव्हा वकील पत्र बाराव्यांदा वाचत होता. तिने पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं.

“तुमच्या भावाला भत्ता मिळायलाच नकोय, भावजी,” ती म्हणाली. “पलंग तयार आहे आत.”

“ती एकटी असते गं तिथे,” दादा म्हणाला. “मी सहाला कारखाना बंद करून येतो आणि वर तिचा दिवा दिसतो. रोज दिसतो. मला ती इथे हवी आहे.”

दादा असं काही कधी बोलत नसे, त्यामुळे त्यावर काय बोलायचं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

“आणि त्यांना?” वहिनीने शेवटी विचारलं, पण हलक्या आवाजात. “त्यांना इथे यायचं नाही. आणि खरं सांगू का, मलाही त्या इथे नकोत. तेहतीस वर्षांत आम्हा दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालंय. ते मोडू नका.”

दादाने होकाराची मान हलवली. नख थांबलं, तेव्हा वहिनीला कळलं की हा माणूस आता आपल्या बाजूला आला.

पुढची योजना वकिलाची. म्हणजे ती बिघडणार हे उघडच होतं. त्याचं म्हणणं, तपासनीसाला जसं नसायला हवं तसं घर दिसलं, तर जसं असायला हवं तसं करून ठेवू. वाढवलेले पाय काढून टाकायचे. दादाने याला साफ नकार दिला. एक तर स्वतःच्या हाताने केलेला जोड तो उकलणार नाही, आणि दुसरं म्हणजे, हे त्याने थोडं थांबून सांगितलं, तो जोड नेमका कुठे आहे हे त्यालाही आता दिसत नाही. मग ठरलं की अक्काची खुर्ची सकाळी उचलून खाली कारखान्यात न्यायची आणि तिच्या जागी वहिनीचा सोफा ठेवायचा. अक्काला सांगायचं, खुर्चीला वाळवी लागली आहे.

“माझा सोफा?” वहिनी म्हणाली.

“त्याच्यातून कुणालाच उठता येत नाही, वहिनी. उद्या पहिल्यांदा त्याचा उपयोग आहे.”

वहिनीने हा अपमान गिळला. अक्कासाठी तिने केलेला हा पहिला त्याग होता.

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सोफा अठरा पायऱ्या चढून वर आला. दादा पुढे, वकील मागे आणि वहिनी सूचना देत. अक्का आपल्या खुर्चीत बसून सगळं बघत होती.

“वाळवी,” वकील धापा टाकत म्हणाला. “खुर्चीला. आत आहे. बाहेरून दिसत नाही.”

अक्काने खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. अडतीस वर्षं पॉलिश केलेल्या हाताला लाकडाच्या आत काय चाललंय ते कळतं. वाळवी या खुर्चीपासून दोन कोसांवरही नव्हती. तिने दादाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. वहिनीकडे पाहिलं तर ती चक्क हसली, आणि वहिनी आपल्याकडे बघून हसते आहे म्हणजे प्रकरण फारच गंभीर असणार, असं अक्काच्या मनात आलं.

“घेऊन जा मग,” ती म्हणाली.

खरं तर तिला भीती वाटत होती. ती कुणाला सांगायची तिची सवय नव्हती, पण गेले तीन आठवडे रोज सकाळी जाग आली की पहिल्यांदा ती भिंतीकडे बघायची, मग खिडकीकडे, मग बोळातल्या कुंड्यांकडे, आणि हे सगळं सुटणार असं मनाशी म्हणायची. खालून रंध्याचा आवाज सुरू झाला की तिचा दिवस सुरू व्हायचा. दादाच्या मागच्या खोलीतून फक्त दादाचा टीव्ही ऐकू यायचा.

वहिनीने तिला शिकवायला घेतलं. उठताना कण्हायचं. बसताना डोळे मिटायचे. अक्काने एकदा कण्हून दाखवलं, तर वकिलाला वाटलं कुणीतरी दार वाजवलं. दुसऱ्यांदा कण्हली तेव्हा तिला स्वतःलाच हसू फुटलं. अक्काला कण्हणं कधी जमलंच नव्हतं. लहानपणी बोट करवतीखाली आलं तेव्हाही ती डॉक्टरांना कोडी घालत बसली होती.

“असू द्या,” वहिनी म्हणाली. “तुम्ही नुसत्या गप्प राहा. तेवढं जमेल?”

ते जमणार नव्हतं, पण अक्का हो म्हणाली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना तपासनीस आला. मागच्या वेळचाच. उंच, किडकिडीत, बगलेत फाइल, बूट दारात अगदी सरळ रेषेत काढून ठेवणारा. वकिलाने अदबीने त्याला बसायला सांगितलं, आणि बसायला सोफ्याखेरीज काही नव्हतं, म्हणून तो बसला. म्हणजे गेला. गुडघे वर आले, फाइल खाली गेली, आणि बोलायला तोंड उघडेपर्यंत त्याची हनुवटी गुडघ्यांच्या बरोबरीला आली होती. वकील शिष्टाचार म्हणून त्याच्या शेजारी बसला, तसा सोफा मधोमध खचला आणि दोघांचे खांदे एकमेकांवर आदळले. दुसऱ्या टोकाला अक्का आधीच रुतून बसली होती.

“मागच्या वेळी इथे खुर्ची होती,” तपासनीस म्हणाला.

“वाळवी,” चौघं एकदम म्हणाले. अक्कासुद्धा.

तपासनीसाने काहीतरी लिहिलं. मग त्याने अक्काला उठून उभं राहायला सांगितलं.

अक्काने सोफ्याच्या कडेवर हात रोवला. कड खाली गेली. तिने दुसरा हात वकिलाच्या डोक्यावर ठेवला आणि जोर लावला. अर्ध्यावर खुब्यात कळ आली, ती मांडीतून थेट घोट्यापर्यंत उतरली, आणि अक्का तिथेच अडकली. ना वर, ना खाली. तिच्या ओठाच्या वर घामाचे थेंब आले.

“साहेब, तुम्हाला एक सांगते,” ती म्हणाली. “एक माणूस आपल्या घोड्याला घेऊन चष्म्याच्या दुकानात जातो.”

तपासनीस हसून वर बघायला लागला. दादाने मान खाली घातली.

“दुकानदार म्हणतो, अहो, घोड्याला अक्षरं कुठे वाचता येतात? त्यावर तो माणूस म्हणतो...”

तपासनीसाचं पेन कागदाकडे गेलं. ‘अर्जदार आ’ एवढं वहिनीला उलटं वाचता आलं, आणि पुढचं तिला वाचावं लागलं नाही.

“थांबा,” वहिनी म्हणाली. “ते लिहू नका. त्या आनंदी नाहीत. त्यांना सहन होत नाहीये म्हणून त्या विनोद सांगतायत.”

तपासनीसाने वहिनीकडे पाहिलं.

“त्या माझ्या घरी आल्या की विनोद सांगतात,” वहिनी म्हणाली. “सात वर्षं सांगतायत. मला वाटायचं, माझ्या सोफ्याची चेष्टा चालली आहे. जेवढं जास्त दुखतं तेवढा विनोद लांब होतो. एकदा दीड तास एका कासवाची गोष्ट सांगत होत्या आणि मी बसले कंटाळून जांभया देत.” तिने पुढे होऊन अक्काला काखेत हात घालून धरलं. “सोडा जोर. मी धरलंय.”

अक्काने तिच्याकडे बघितलं आणि खरंच जोर सोडला. खाली बसल्यावरही तिने वहिनीचा हात काही सोडला नाही.

तपासनीस मऊ मनाचा असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण तो कागदाचा माणूस होता. त्याने फाइलची मागची पानं उलटली. मागच्या भेटीत अर्जदार खुर्चीतून विनासायास उठल्या होत्या. आज खुर्ची नाही, वेगळा सोफा आहे, आणि वाळवीबद्दल चार जण एका सुरात बोलतात. त्याने शांतपणे सांगितलं, की तपासणीसाठी घरात मुद्दाम बदल केले असतील तर त्याला तसं लिहावं लागेल, आणि मग हा अर्ज पुन्हा कधीच करता येणार नाही.

वकिलाच्या सव्वीस पानांत या प्रसंगासाठी रकाना नव्हता.

दादा दारात उभा होता. आता नुसतं गप्प राहिलं की झालं, हे त्याला कळत होतं. काही करायचंसुद्धा नाही. अर्ज बुडेल, अक्का मागच्या खोलीत येईल, पलंग तयार आहे. त्याने सोफ्याकडे पाहिलं. तिथे त्याची थोरली बहीण, जिने त्याला रंधा धरायला शिकवलं होतं, त्याच्या बायकोचा हात धरून बसली होती आणि खिडकीकडे बघत होती. आपलीच खिडकी, पण निरोप घेतल्यासारखी.

तो खाली गेला. अठरा पायऱ्या त्याने दोनदोन करून उतरल्या आणि तशाच चढून परत आला, तेव्हा एका खांद्यावर खुर्ची होती आणि हातात माणसाच्या उंचीची एक सागवानी पट्टी. कारखान्यात दारामागे टांगलेली असायची ती. सगळ्यांना वाटायचं कुठल्याशा कपाटाचं माप असेल.

“घरात बदल केलेत,” दादा तपासनीसाला म्हणाला. “पण आज नाही. गेली सात वर्षं.”

त्याने पट्टी तपासनीसाच्या हातात दिली. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे दादाच्या बारीक अक्षरात साल. मुलांची उंची भिंतीवर मांडतात तशा. सगळ्यात खालच्या रेघेपुढे लिहिलं होतं, ‘अक्का, जिना चढताना थांबली.’ दुसरीपुढे, ‘खुर्चीतून दोन्ही हातांनी उठते.’ मग, ‘मोजे घालायचे सोडले.’ ‘कूस बदलत नाही.’ ‘पॉलिशला बसून.’ प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा वर. दादा खालून ऐकायचा. लाकडी तक्तपोशीतून त्याला तिची पावलं ऐकू यायची, आणि कुठलं पाऊल घासतंय ते तो रंधा थांबवून ऐकायचा.

तपासनीसाने सगळं वाचलं, वरून खाली आणि मग खालून वर. मग त्याने खुर्ची जवळ घ्यायला सांगितली. त्याने पायांवरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावर घेऊन पाहिलं.

“हा तर सलग पाय आहे,” तो म्हणाला. “जोड कुठे आहे?”

दादा गुडघ्यांवर बसला. त्याने पाय उजेडाकडे केला, नखाने टकटक केलं, कान लावला. घाम फुटला त्याला. आयुष्यभर न दिसणारं काम केलं आणि आता दाखवायची वेळ आली तर त्यालाच सापडेना. वकिलाने डोळे मिटून घेतले.

“इकडे आण,” अक्का म्हणाली.

खुर्ची तिच्यापुढे ठेवली. तिने पाहिलंही नाही, नुसता अंगठा पायावरून खाली नेला आणि थांबवला.

“हा पहिला. हा दुसरा, याला त्याने घाईत एकच हात दिलाय. हा तिसरा. इथे स्पिरिट जास्त झालं. चौथा. आणि हा मागच्या वर्षीचा, हा बरा जमलाय.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. “तुला माहीत होतं?”

“पहिल्याच वर्षी कळलं. समुद्रावरून आले, खुर्चीत बसले, हात खाली गेला. पॉलिश माझं नव्हतं.” अक्का म्हणाली. “अडतीस वर्षं शिकवलं तरी तुझा हात जडच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू नाही बोललास म्हणून. आणि दर वर्षी मुद्दाम आठच दिवस जायचे. तुझं पॉलिश वाळायला तेवढे लागतात.”

वहिनीने पदराने नाक पुसलं. तपासनीसाने खिशातून टेप काढून पाचही जोडांची उंची लिहून घेतली, मग बोळातली फळी मोजली, मग जिना मोजायचा म्हणाला आणि इथे जरा अडचण आली. त्याला उठता येईना. फाइल बाजूला ठेवून त्याने दोनदा प्रयत्न केला. शेवटी दादाने समोरून ओढलं, वकिलाने मागून ढकललं, आणि वहिनी सोफ्याला धरून उभी राहिली, कारण नाही म्हटलं तरी सोफा तिचा होता.

जाताना बूट घालून तपासनीस दारात घुटमळला.

“त्या घोड्याचं पुढे काय झालं?” त्याने विचारलं.

अक्का तोवर आपल्या खुर्चीत बसली होती, पाच बोटं उंच, पाय सुखाने जमिनीला टेकलेले. तिने थोडा विचार केला.

“आत्ता नाही आठवत,” ती म्हणाली.

*

दुसरं पत्र महिन्याने आलं. या वेळी ते सात ओळींचं होतं. ‘अर्जदार घरात वावरतात ते घर त्यांच्या वेदनेच्या मापाने सतत बदललेले असल्यामुळे. इतरत्र त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही, हे तपासनीसाने स्वानुभवाने पडताळले आहे. अर्ज मंजूर.’ वकिलाने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘स्वानुभवाने’ या शब्दाला त्याचा आवाज चढला. सोफ्याचा एक पाय वर चढवताना दाराला लागून मोडला होता, म्हणून वहिनीने सोफा तिथेच ठेवला. त्यावर आता कुंड्या होत्या.

मदतीची बाई यायला लागली. मागच्या खोलीतला पलंग दादाने विकायला काढला, मग नाही काढला. रविवारी अक्का गाडीने दादाकडे यायची आणि जेवल्यावर त्या पलंगावर तासभर पडायची, टीव्ही बंद ठेवायच्या अटीवर. बाकी सहा दिवस सहाला कारखाना बंद झाला की दादा घरी जायच्या आधी वर जाऊन बसायचा. आता त्याला वर जायला किल्लीची आणि समुद्राची गरज नव्हती.

अशाच एका संध्याकाळी सगळे अक्काकडे जमले होते. बाहेर गारठा पडला होता. वहिनी बोळातल्या कुंड्यांना पाणी घालत होती, वकील कुणाच्या तरी विम्याचा अर्ज भरत होता. अक्का उठली, दोन पावलं टाकली, फळीवर हात टेकला आणि थांबली. मग ती परत येऊन खुर्चीत बसली.

“अरे हो,” ती म्हणाली. “ते घोड्याचं राहिलंच की. तर तो माणूस चष्म्याच्या दुकानदाराला म्हणतो...”

वकिलाने पेन खाली ठेवलं. तपासणीच्या दिवसापासून त्याला त्या घोड्याने झोपू दिलं नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल पुढे ओढलं. वहिनीने मात्र झारी ठेवली आणि दादाकडे पाहिलं. दादा केव्हाच उठला होता आणि जिन्याकडे निघाला होता.

“अरे, शेवट तर ऐकून जा,” अक्का म्हणाली.

“पट्टी घेऊन येतो,” दादा म्हणाला. “माप घेता घेता ऐकतो. तू सांगत राहा.”